ओटीत घालायचं पुस्तक

डोहाळजेवणात ओटी भरताना नारळ, खण आणि फळांबरोबर हल्ली बाळंतपणाचं किंवा बाळाच्या निगेचं एखादं पुस्तकही घातलं जातं. बडोद्यात तर सासर मराठी, माहेर गुजराती किंवा उलट, सीमंत आणि डोहाळजेवण एकाच दिवशी, असं कितीतरी घरांत असतं. मग एकाच विषयावरची तीन पुस्तकं तीन भाषांत घरात येतात. त्यातलं एकही नीट पारखून घेतलेलं नसतं. मुखपृष्ठावरचं गुटगुटीत बाळ बघून उचललेलं असतं.

बाळंतपण आणि तान्ह्या बाळाची निगा यांवरचं पुस्तक दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत तपासता येतं. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. कुठली पानं उघडायची आणि तिथे काय छापलेलं असायला हवं, एवढं माहीत असलं की पुरतं.

सुरुवात आवृत्तीच्या पानापासून करा. तिथे ‘पुनर्मुद्रण’ आणि त्यापुढे गेल्या वर्षाचा आकडा दिसला म्हणून पुस्तक ताजं ठरत नाही. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर नव्या कागदावर. ‘सुधारित आवृत्ती’ कोणत्या साली निघाली ते शोधा. ती २०१८ च्या आधीची असेल तर पुढची पानं जास्त काळजीने तपासा. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून पुस्तक आणणाऱ्यांनी तर हे आधी बघावं. सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेलं ते ग्रंथालय हे बडोद्याचं वैभव आहे. कथा-कादंबऱ्या, इतिहास, चरित्रं तिथून जरूर आणा. पण या एका विषयात जुनं पुस्तक मौल्यवान नसतं, ते मुदत संपलेल्या औषधासारखं असतं.

आता कळांचं प्रकरण उघडा. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की गर्भाशयाचं तोंड ४ सेंटिमीटर उघडलं की खऱ्या कळा सुरू झाल्या, आणि तिथून पुढे दर तासाला १ सेंटिमीटर प्रगती व्हायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हे बदललं. आता वेगाचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरतात. त्याआधीचा संथ टप्पा किती तास चालेल हे प्रत्येक बाईत वेगळं असतं. पाचापासून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला साधारण १२ तासांपर्यंत आणि पुढच्या खेपेला १० तासांपर्यंत लागू शकतात, आणि तासाला १ सेंटिमीटरची अट सगळ्यांना लावायची नाही. हा फरक किरकोळ नाही. जुनं पुस्तक वाचून गेलेलं घर तिसऱ्या तासालाच ‘बाळंतीण अडली’ म्हणून घाबरतं आणि कळांचं इंजेक्शन किंवा सिझेरियन कधी करता, असं विचारायला लागतं, आणि हे सगळं बाळाचे ठोके उत्तम असताना.

त्याच प्रकरणात आणखी तीन-चार गोष्टी बघून घ्या. एनिमा देणं, केस काढणं आणि प्रत्येकीच्या योनिमार्गाला छेद देऊन टाके घालणं हे नेहमीचे उपचार म्हणून सांगितले असतील तर पुस्तक मागे पडलंय. हे सरसकट करू नये असं आता स्पष्ट सांगितलं जातं. कळा देताना पोटावरून दाबणं हाही त्यातलाच प्रकार. याउलट बाईच्या पसंतीचं एक माणूस सोबत असावं, तिला चालता-फिरता यावं, हवं ते पाणी आणि हलकं खाणं मिळावं, कुशीवर किंवा उकिडवं बसून कळा देता याव्यात, हे चांगल्या पुस्तकात चित्रांसह असतं. सोबत कोण जाणार आणि तिथे तिने किंवा त्याने नेमकं काय करायचं, यावर एक पान असेल तर ते पुस्तक अनुभवी माणसाने लिहिलंय असं समजा. कंबरेला कुठे दाब द्यायचा, कळ ओसरताना श्वास कसा मोजायचा, डॉक्टरांना काय विचारायचं, हे ते पान सांगतं.

पुस्तकाचं वय सगळ्यात लवकर कळतं ते लसींच्या तक्त्यावरून. सरकारी वेळापत्रकात जन्मताच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बीची पहिली मात्रा असते. हिपॅटायटिसची ती मात्रा २४ तासांच्या आत द्यायची असते. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), पोलिओ आणि रोटाव्हायरस. न्यूमोकोकल लस ६ आणि १४ आठवड्यांना आणि पुन्हा ९ महिन्यांना. पोलिओच्या इंजेक्शनची तिसरी मात्राही २०२३ पासून ९ व्या महिन्यात आली. तक्त्यात रोटा आणि न्यूमोकोकल नसेल, नवव्या महिन्यापुढे नुसतं ‘गोवर’ असेल आणि रुबेलाचा पत्ता नसेल, तर तो तक्ता बराच जुना आहे. खासगी बालरोगतज्ज्ञ यात आणखी काही लसी सांगतात. दोन वेळापत्रकं का आहेत हे पुस्तकाने समजावलं पाहिजे, नाहीतर आई-बाबा ममता कार्ड (सरकारी लसीकरणाचं कार्ड) आणि डॉक्टरांची फाइल शेजारी ठेवून गोंधळतात. गरोदरपणाच्या भागात ‘टीटी’ऐवजी ‘टीडी’ हवं. आता धनुर्वाताबरोबर घटसर्पाचंही संरक्षण देणारी लस देतात.

मग जन्मानंतरचा पहिला तास. इथे चांगलं पुस्तक सावकाश चालतं आणि वाईट पुस्तक थेट बारशावर उडी मारतं. बाळ रडलं, श्वास नीट आहे, तर नाळ किमान १ मिनिट थांबून, १ ते ३ मिनिटांच्या दरम्यान बांधायची, कारण वारेतलं रक्त बाळात जातं आणि पुढच्या काही महिन्यांची लोहाची शिदोरी वाढते. बाळाला पुसून उघडंच आईच्या छातीवर ठेवायचं, वरून दोघांना पांघरूण. पहिलं दूध तासाच्या आत. व्हिटॅमिन केचं १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन, कारण नवजात बाळात रक्त गोठवणारं हे जीवनसत्त्व फार कमी असतं आणि त्याअभावी मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. अंघोळ किमान २४ तास नाही. अंगावरचा पांढरा चिकट थर घासून काढायचा नाही. बाळाला लगेच न्हाऊ-माखू घाला असं लिहिलेलं पुस्तक तिथेच खाली ठेवा. ओलं बाळ किती लवकर गार पडतं हे त्या लेखकाने लक्षात घेतलेलं नाही.

दूध पाजण्याचं प्रकरण

पुस्तक घ्यायचं की नाही हे माझ्या मते याच प्रकरणावर ठरवावं. ‘आईचं दूध अमृत आहे’ यावर चार पानं आणि बाळाला छातीशी कसं धरायचं यावर चार ओळी, अशी पुस्तकं भरपूर मिळतात. बाळंतिणीला अमृताची महती नको असते. पहाटे तीन वाजता स्तनाग्र सोलवटलंय, बाळ किंचाळतंय, आता काय करू, हे तिला हवं असतं.

म्हणून चित्रं बघा. पकड नीट असल्याच्या चार खुणा दाखवल्यात का? तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग बाळाच्या तोंडाच्या वर जास्त, खाली कमी दिसणारा. दूध पाजताना दुखत राहिलं तर बहुतेक वेळा पकड उथळ असते. बाळ फक्त टोक चोखत असतं, त्यामुळे टोकाला चिरा पडतात आणि दूधही कमी निघतं. उपाय मलमात नाही. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायची. ही करंगळीची ओळ पुस्तकात असली तर लेखकाने खरोखर आयांना पाजायला शिकवलंय, असं बिनदिक्कत समजा.

दुसरी कसोटी म्हणजे ‘दूध पुरतंय हे कसं ओळखायचं’. इथे आकडे हवेत. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला किमान ६ वेळा शू, तीही फिकट. शी पहिल्या दोन दिवसांत काळी, डांबरासारखी, मग हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. सुरुवातीला वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत घटतं आणि १० ते १४ दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं. म्हणजे ३ किलोचं बाळ चौथ्या दिवशी पावणेतीन किलोचं दिसलं तर तो आईचा दोष नाही. त्यानंतर रोज २० ते ३० ग्रॅमने वाढ. हे आकडे नसलेल्या पुस्तकामुळे घरातलं कोणीतरी दुसऱ्याच दिवशी म्हणतं, ‘दूध पुरत नाही, वरचं सुरू करा.’ आणि एकदा बाटली आली की छातीशी चोखणं कमी होतं, चोखणं कमी झालं की दूध खरंच कमी होतं.

डबाबंद दुधाबद्दल पुस्तक काय म्हणतं याला कायद्याची बाजूही आहे. बाळाच्या दुधाचे पर्याय आणि बाटल्या यांवर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा कायदा १९९२ चा, २००३ मध्ये सुधारलेला. त्याच्या ७ व्या कलमात म्हटलंय की गरोदर बायका आणि आयांसाठीच्या कोणत्याही माहितीपर साहित्यात स्तनपानाचे फायदे, त्याची तयारी, थोडीशी बाटली सुरू केल्यानेही स्तनपानावर होणारा परिणाम आणि एकदा सोडल्यावर परत येण्यातल्या अडचणी स्पष्ट सांगायला हव्यात. दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या चकचकीत पुस्तिका या कलमाच्या उजेडात तपासा. ज्या आईला खरंच पाजता येत नाही तिला अपराधी न वाटू देता, पाणी उकळून, माप काटेकोर धरून, वाटी-चमच्याने कसं द्यायचं हेही पुस्तकात असावं. तिला टोमणे मारणारं पुस्तकही नको.

आपल्या घरातल्या रीती

परदेशी पुस्तकांत हा भाग नसतोच, आणि देशी पुस्तकांत तो कसा हाताळलाय यावरून लेखकाची पारख होते. नुसतं ‘जुन्या रूढी सोडा’ म्हणून कोणी काही सोडत नाही. कारण द्यावं लागतं. मध चाटवायचा नाही, कारण मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि स्नायू लुळे करणारं विष तयार करतात. उकळूनही ते बीजाणू मरत नाहीत. बाळगुटीत सहाणेवरचं पाणी, बोटं आणि रोज तेच वेखंड किंवा मुरुडशेंग, यांतून जंतू पोटात जातात, आणि किती मात्रा गेली हे कुणालाच सांगता येत नाही. काजळात शिसं असू शकतं. नाळेच्या देठाला हळद, तेल, राख काहीही लावायचं नाही. कोरडा ठेवला की साधारण ५ ते १५ दिवसांत आपोआप गळतो. जन्मलेल्या बाळाची छाती आईच्या संप्रेरकांमुळे फुगलेली असते, कधी त्यातून दुधासारखा थेंबही येतो. ती दाबून ‘रिकामी’ केली तर गळू होतं. मुलींमध्ये पहिल्या आठवड्यात रक्ताचा एखादा डाग याच कारणाने दिसू शकतो. या दोन गोष्टी पुस्तकात नसतील तर त्या वेळी घरात उगाच धावपळ होते.

शेक-शेगडीबद्दल मात्र मधलं बोलावं लागतं. बाळंतिणीला ऊब हवीच, पण बंद खोलीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. मालिशही वाईट नाही. हलक्या हाताने, खोबरेल तेलाने, बाळाचं पोट भरलेलं नसताना केली तर बाळाला छानच वाटते. मोहरीचं तेल नाजूक त्वचेला त्रास देतं, आणि नाकपुड्यांत तेल सोडणं धोक्याचं, ते फुप्फुसात जातं. आळीवाचे, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, गुजराती घरातलं काटलुं हे सगळं आईने खाल्लं तर बिघडत नाही. भात, भाजी, वरण, दूध आणि फळं बंद करून फक्त लाडू-तूप खाणं हे चूक. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात असं राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितलं आहे, आणि त्या वैविध्यातून यायला हव्यात.

बडोद्यातल्या उन्हाळ्यासाठी एक खास प्रश्न पुस्तकाला विचारा: बाळाला पाणी द्यायचं का? ४२ अंशांच्या दुपारी आजीला राहवत नाही. उत्तर ‘नाही’ असंच हवं. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणी असतं. उन्हाळ्यात पाजण्याच्या वेळा वाढवायच्या, आईने पाणी प्यायचं, बाळाला सुती झबलं पुरे. याच उकाड्यामुळे, काढून ठेवलेलं दूध खोलीत ‘चार तास टिकतं’ हे परदेशी पुस्तकातलं वाक्य इथे तसंच घेऊ नका. ते २५ अंशांच्या आसपासच्या खोलीसाठी लिहिलेलं असतं. मे महिन्यात दूध काढलं की सरळ फ्रिजमध्ये ठेवायचं आणि २४ तासांत वापरायचं.

झोपेबद्दल नियम एकच: पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी नाही, तोंडाजवळ गोधडी नाही. कुशीवर झोपवा म्हणणारी पुस्तकं जुनी. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशीही नको. पण आपल्याकडे बाळ आईशेजारी झोपतं किंवा घोडियुंत, म्हणजे कापडी झोळीच्या पाळण्यात. त्यावर काहीच न बोलणारं पुस्तक अपुरं आहे. कापडी झोळीत बाळ गोळा झालं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. म्हणून कोणीतरी समोर असेल तेव्हाच घोडियुं, आणि रात्रीची झोप सपाट गादीवर.

धोक्याचं पान

चांगल्या पुस्तकात हे पान सहज सापडतं. बहुधा आतल्या कव्हरवर किंवा चौकटीत असतं. दुकानात पुस्तक मिटा, पुन्हा उघडा आणि बघा, १० सेकंदांत सापडलं का? आणि सापडलं तर त्यात ‘ताप आल्यास’ असं मोघम लिहिलंय की आकडा आहे? काखेत ३७.५ अंश सेल्सियस म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, ३५.५ पेक्षा कमी तापमान, पूर्ण मिनिटभर मोजल्यावर श्वास ६० किंवा त्याहून जास्त, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, दूध ओढायचं थांबणं, झटके, हलवल्याशिवाय हालचाल न करणं, देठाभोवती लाली किंवा पू. यातलं एकही दिसलं तर त्याच तासाला रुग्णालय. घरी क्रोसिनचे थेंब देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही, कारण दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ताप हीच जंतुसंसर्गाची एकमेव खूण असू शकते.

कावीळ या पानावर स्वतंत्र हवी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा पिवळा दिसणं नेहमीचं. पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा आला, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा १४ दिवसांनंतरही राहिला, तर तपासणी. ‘सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा’ एवढाच उपाय सांगणारं पुस्तक नापास, कारण रक्तातली पातळी वाढलेली असताना ऊन पुरत नाही आणि दोन दिवस त्यातच जातात. उपचाराचा निळा प्रकाश ठरावीक तरंगलांबीचा आणि जवळून मिळणारा असतो. आणि शी मातीसारखी पांढरट, शू गडद, असं दिसलं तर पित्तनलिकेचा आजार असू शकतो. त्याची शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली तर यश जास्त. ही एक ओळ ज्या पुस्तकात आहे त्याला माझ्या लेखी पैकीच्या पैकी.

इथेच इंग्रजी पुस्तकांची मोठी अडचण येते: त्यातले फोटो गोऱ्या बाळांचे. सावळ्या बाळाची कावीळ गालावर सहज दिसत नाही. नाकाचं टोक, छाती दाबून सोडली की खालचा रंग दिसतो, आणि हिरड्या व डोळ्यांतला पांढरा भाग बघायचा. ओठ निळे पडलेत का हे जीभ बघून ठरवायचं. पाठीवर, कुल्ल्यांवर निळसर डाग आपल्या बाळांमध्ये अगदी नेहमीचे असतात, ते मार लागल्याचे नव्हेत.

परदेशी पुस्तकांतली इतर माहितीही इथल्या परिस्थितीत बसवून घ्यावी लागते. मधुमेहाची तपासणी अमेरिकन पुस्तकांत बहुधा दोन टप्प्यांत. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्तातल्या साखरेची १४० मिलिग्रॅमची रेषा बघतात, जेवण झालेलं असो वा नसो. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी कळेल, असं तिथे सहज लिहितात. इथे १९९४ च्या कायद्याने ते विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. घरी भेट देणाऱ्या सुईणीची सोय तिथली. आपल्याकडे आशा कार्यकर्तीच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या. ‘पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभराची कळ, तासभर’ मग निघा, हा नियम रुग्णालय जवळ असणाऱ्यांसाठी. डभोई किंवा पादऱ्याहून बडोद्यात यायचं असेल तर त्याआधीच निघावं. वजनाचे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवरचे, अंगावर पिणाऱ्या बाळांचे आहेत ना, तेही बघा.

औषधांच्या मात्रेचा तक्ता तर परदेशी पुस्तकातून कधीच वापरू नका. पॅरासिटामॉलचे आपल्याकडचे थेंब १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे असतात आणि सिरप ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५. म्हणजे थेंबांची बाटली सिरप समजून दिली तर मात्रा चौपट होते. व्हिटॅमिन डीचं तसंच. बाळाला रोज ४०० एकक हवं, पण कुठल्या बाटलीत १ मिलिलिटरला ४००, कुठल्या बाटलीत ८००. पुस्तकाने ‘१ मिलिलिटर द्या’ म्हटलं तर ते चुकीचं, ‘लेबल वाचा’ म्हटलं तर बरोबर.

आईसाठी किती पानं ठेवलीत, तेही मोजा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. तरीही सिझेरियनला दीड पान देणारी पुस्तकं आहेत. कमरेतल्या भुलीच्या इंजेक्शननंतर काय जाणवतं, त्याच दिवशी आधाराने उभं का करतात (पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून), टाक्यांवर भार न येता बाळाला काखेतून धरून कसं पाजायचं, बाळाहून जड काही सहा आठवडे का उचलायचं नाही, आणि पुढचं बाळंतपण नैसर्गिक होऊ शकतं का, हे सगळं हवं. बाळंतपण कसंही झालं तरी धोक्याच्या खुणा सारख्या: तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, एका पायात सूज आणि दुखणं, आणि जोराची डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी. ही शेवटची खूण महत्त्वाची, कारण रक्तदाबाचा आजार बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत उलटू शकतो. मनाबद्दल लिहिताना पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू आणि त्यापुढे टिकलेलं नैराश्य यांत फरक केलेला हवा. हे नैराश्य ओळखायची एडिंबरोची १० प्रश्नांची प्रश्नावली छापलेली असेल तर फारच चांगलं.

गर्भसंस्काराची पुस्तकं मराठीत खूप खपतात. शांत संगीत, वाचन, बाळाशी बोलणं यांत आनंद आहे, आणि नवरा-बायकोला एकत्र बसायला निमित्त मिळतं. पण त्यात मुलगा होण्याचे उपाय असतील किंवा भस्मांची कृती असेल, तर ते घरात नको. काही भस्मांत शिसं आणि पारा सापडलाय. आणि गर्भसंस्काराचं पुस्तक बाळंतपणाच्या पुस्तकाच्या जागी येऊ शकत नाही, दोन्ही घ्या हवं तर.

भाषा ठरवताना कोण वाचणार हे बघा. बडोद्यातल्या बऱ्याच मराठी मुली घरी मराठी बोलतात पण शिकल्या गुजराती किंवा इंग्रजीतून. रात्री अर्धवट झोपेत ज्या लिपीत डोळा झरझर फिरतो ती खरी. आजीसाठी मराठी, मोठ्या टायपातलं. आणि रुग्णालयातल्या बाईंनी ‘कमळो’, ‘रसी’, ‘धावण’, ‘सुवावड’ म्हटलं की ते आपलं कावीळ, लस, अंगावरचं दूध आणि बाळंतपण, हे पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं तर सासू-सून दोघींना उपयोगी पडतं. अनुवादित पुस्तक असेल तर ‘अनुवाद’ आहे की ‘रूपांतर’ ते बघा. नुसत्या अनुवादात औंस आणि पौंड तसेच राहतात.

जाड बांधणीचं, मिटून जाणारं पुस्तक एका हातात धरून वाचता येत नाही, आणि दुसऱ्या हातात तर बाळ असतं. सपाट उघडं राहणारं, मागे नीट सूची असलेलं, २०० ते ३०० पानांचं घ्या. दोन पुस्तकं पुरतात. एक स्त्रीरोगतज्ज्ञाने लिहिलेलं गरोदरपण-बाळंतपणाचं, एक बालरोगतज्ज्ञाचं तान्ह्या बाळाचं. दोघांचं एकमेकांच्या विषयावरचं प्रकरण बहुधा पातळ असतं.

वेळेचंही भान हवं. डोहाळजेवण सातव्या महिन्यात, तोवर गरोदरपणाचा अर्ध्याहून जास्त भाग मागे पडलेला असतो. फोलिक अ‍ॅसिड पहिल्या महिन्यातच हवं होतं, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या वेगवेगळ्या वेळी घ्यायच्या हे चौथ्या महिन्यात कळायला हवं होतं. म्हणून पहिलं पुस्तक आधी द्या आणि ओटीत बाळाचं घाला. कळांचं प्रकरण ३२ व्या आठवड्यापर्यंत दोघांनी वाचून व्हावं, पाजण्याचं आणि धोक्याचं पान ३६ व्यापर्यंत, बाळ आल्यावर वाचायला वेळ मिळत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, पुण्याला किंवा इंदूरला होणार असेल तर पुस्तक आणि फाइल दोन्ही बॅगेत आधी जाऊ द्या.

भेट देणाराच आतल्या कव्हरवर रेघा आखून देऊ शकतो: आईचा रक्तगट, शेवटच्या पाळीची तारीख, रुग्णालयाचा आणि रक्तपेढीचा नंबर, १०८, बाळाचं जन्मवजन, आणि खाली चौदा दिवसांची वही, पाजलं किती वेळा, शू किती, शी कोणत्या रंगाची.